तपासलेली निरीक्षणपत्रे

रविवार, १ जानेवारी. सकाळी ७.०५

या वर्षी संकल्प एकच. पण तो नीट वाक्यात मांडला पाहिजे. ‘या वर्षी मी लहान मुलांस निरीक्षण करावयास शिकवीन.’ कर्ता, कर्म, क्रियापद, सारे आपापल्या जागी.

एकोणतीस वर्षे मी पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत परिसर अभ्यासाची हस्तलिखिते तपासली. ‘आपले मदतनीस’ या धड्यातील टपालवाल्याच्या पिशवीला पट्टा नव्हता. ती नुसतीच खांद्याजवळ तरंगत होती. चित्रकारासह सात जणांच्या नजरेतून हे सुटले. माझ्या नजरेतून सुटले नाही. निवृत्तीनंतरची चौदा वर्षे ही नजर वाया गेली. यापुढे जाणार नाही.

नातीच्या (वय सहा, इयत्ता पहिली, घरात तिला मुंगी म्हणतात) वर्गशिक्षिकेने आजी-आजोबांना आवाहन केले आहे. दर शनिवारी चार-पाच मुलांना घरी बोलवावे, त्यांच्याकडून सामाजिक अभ्यासाचे छोटे उपक्रम करून घ्यावेत, म्हणजे त्यांना आजूबाजूला पाहण्याची सवय लागेल. २५ फेब्रुवारीस शाळेत प्रदर्शन. होकार मी एकट्यानेच दिला. इतर आजोबांचे गुडघे दुखतात.

हिने चहा साडेसहाला आणला. (ही म्हणजे माझी पत्नी. रोजनिशी माझ्याखेरीज कोणी वाचणार नसले, तरी सर्वनाम मोकाट सोडू नये.) नेहमीची वेळ सहा. अर्धा चहा बशीत. कारण विचारता म्हणाली की दूध घेऊन जिना चढल्यावर जरा दम खात बसले होते. दोनच तर मजले आहेत, असे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर म्हणाली, मग उद्यापासून गाईलाच वर बोलावते.

गुरुवार, ५ जानेवारी

निरीक्षणपत्राचा नमुना सिद्ध केला. रकाने चार: नाव व दिनांक; काय पाहिले; काय ऐकले; तपासनिसाचा शेरा. शिक्षिका याला वर्कशीट म्हणते. मी म्हणणार नाही.

तिला फोनवर माझे तत्त्व सांगितले: निरीक्षण म्हणजे दिसेल ते पाहणे नव्हे, योग्य तेच पाहणे.  ती म्हणाली की सर, मुलं लिहितील ते फक्त तसंच राहू द्या हं. तरुण आहे. अनुभवाने सुधारेल.

भाजीत मीठ नाही. हिला सांगितले. म्हणाली, सवय करून घ्या.

शनिवार, ७ जानेवारी. दुपारी १.००

पहिला उपक्रम: आवाज. मुले चार. मुंगी, पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीची मुलगी, औषधांच्या दुकानदाराचा चष्मेवाला मुलगा, आणि एक मुलगा जो सतत नाक ओढतो. डोळे मिटून पाच मिनिटे बसावयाचे, मग ऐकलेले लिहावयाचे किंवा चित्र काढावयाचे.

चष्मेवाला: पंखा, बस, कावळा. उत्तम. शिंपिणीची मुलगी: आईची मशीन. उत्तम. नाकवाला: स्वतःचे नाक. प्रामाणिक आहे.

मुंगी: ‘आजीच्या छातीत मांजर आहे. ती स्वयंपाकघरात असली तरी इथपर्यंत ऐकू येते.’

घरात मांजर नाही. तांबड्या शाईने तसे लिहिले: ‘कल्पना व निरीक्षण यांत गल्लत. दहापैकी चार.’ नात म्हणून सवलत देणे मला जमत नाही. मुंगी म्हणाली की आजोबा, कान लावून बघा ना. तपासनीस कान लावत नसतो, असे मी तिला समजावले.

बुधवार, ११ जानेवारी

एक चमत्कारिक प्रकार. दाराशी ठेवलेल्या माझ्या चपला जागेवरून हलतात. रात्री मी त्या भिंतीला समांतर ठेवतो. सकाळी फिरावयास निघताना त्या तिरप्या असतात आणि पट्टे ताणलेले. आज तर आतून उबदार होत्या. कोणीतरी त्या वापरते.

संशयित: वृत्तपत्र टाकणारा. वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी.

हिला विचारले. भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली की काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणींचा असा अस्थानी वापर ऐकला की वाईट वाटते.

शनिवार, १४ जानेवारी

दुसरा उपक्रम: घराचा व जिन्याचा नकाशा. दिशा, खोल्या, पायऱ्यांची संख्या. पायऱ्या बत्तीस. चष्मेवाल्याने एकतीस मोजल्या, त्याला पुन्हा पाठवले.

मुंगीच्या नकाशात जिन्यावर तीन ठिकाणी गोल काढून ‘आजीचा थांबा १’, ‘आजीचा थांबा २’, ‘आजीचा थांबा ३’ असे लिहिले आहे. दुसऱ्या थांब्यावर एक स्टूल. शेरा: ‘थांबे रस्त्यावर असतात. जिन्यात बस येत नाही.’ मुले खूप हसली. मुंगी हसली नाही. ती म्हणाली की आजी पहिल्या थांब्यावर वीस अंक मोजते, दुसऱ्यावर पन्नास, आणि तिसऱ्यावर मोजतच नाही.

स्टूल मात्र खरे निघाले. शिंपिणीने पहिल्या मजल्याच्या चौकात चक्क एक लाकडी स्टूल ठेवले आहे. सामायिक जागेत वस्तू ठेवणे नियमबाह्य आहे. सोसायटीच्या चिटणिसास अर्ज लिहिला. एका पानात सहा मुद्दे.

मंगळवार, १७ जानेवारी

अर्जास यश. स्टूल हटले. शिंपीण जिन्यात भेटली. म्हणाली की काका, ते मी माझ्यासाठी नव्हतं ठेवलं. मग कोणासाठी, असे विचारणे मला अनावश्यक वाटले. नियम सर्वांना सारखा असतो.

हिने आज दूध आणले नाही. सुनेने आणले.

शनिवार, २१ जानेवारी. दुपारी

तिसरा उपक्रम: आपले मदतनीस. मुलांना रांगेने टपाल कार्यालय, औषधांचे दुकान व शिंपिणीचे यंत्र दाखवले. प्रत्येकास दोन प्रश्न विचारावयाचे: आपण काय काम करता? आपण कोणाला मदत करता?

टपाल कार्यालयातील कारकुनाने मान वर न करता उत्तर दिले की मी चार वाजता बंद करतो. मुलांनी तेच लिहिले. दुरुस्त केले.

औषधांचा दुकानदार फार बोलका. मुलांना सोडून मलाच सांगू लागला की तुमच्या मिसेस महिन्याच्या सुरुवातीला आल्या होत्या, मी त्यांना मीठ कमी करायला सांगितलंय, पण नुसतं तेवढ्यानं भागायचं नाही, डॉक्टरला दाखवा. मी त्याला थांबवले. उपक्रम मुलांचा आहे. उत्तरे मुलांना द्यावीत. तरी मिठाचे कोडे सुटले. हिच्यावर दुकानदारांच्या सल्ल्याचा फार चटकन परिणाम होतो.

मुंगीने तिसराच प्रश्न आपल्या मनाने तयार केला आणि घरी येऊन आजीला विचारला: तुला कोण मदत करतं? उत्तर: ‘मुंगी.’ प्रश्न यादीत नसल्याने गुण नाहीत.

मंगळवार, २४ जानेवारी. सायंकाळी

ही म्हणाली की एखाद्या दिवशी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येता का. अवश्य, असे म्हणालो. कोणता दिवस, असे तिने विचारले. या आठवड्यात तक्ते रंगवावयाचे आहेत. पुढच्या आठवड्यात पाहू.

एकटी जा असे सांगणार होतो, पण रिक्षापर्यंत चालवत नाही, असे तिनेच आधी सांगितले. हल्ली ती कारणे आधीच देते.

शनिवार, २८ जानेवारी

चौथा उपक्रम मी खास योजला: पाऊलखुणा. समाजात कोण कोठे ये-जा करते हे खुणांवरून ओळखणे. काल निजण्यापूर्वी दाराशी खडूची पूड पसरली. चपलांचे रहस्यही यातून सुटेल, असा दुहेरी हेतू.

सकाळी मुलांसह पाहणी केली. माझ्याच चपलांचे ठसे दारातून स्वयंपाकघराकडे, तेथून गॅलरीकडे, तेथून परत. पावले जवळजवळ. टाच घसटलेली. दोन ठिकाणी भिंतीवर हाताचे पांढरे ठसे.

मुलांस निष्कर्ष विचारला. नाकवाला म्हणाला, भूत. चष्मेवाला म्हणाला, चोर, पण म्हातारा चोर. मुंगीने लिहून दिले: ‘आजी आजोबांच्या चपला घालते. तिच्या चपला तिला होत नाहीत. तिच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो बराच वेळ तसाच राहतो.’

शेरा: ‘चपला हा विषय आहे, पाय नव्हे. विषयांतर.’ तसेच, आजी ३६ क्रमांकाची चप्पल वापरते व मी ४१ क्रमांकाची, हे तिला गणिताने दाखवून दिले. अशक्य म्हणजे अशक्य.

माझा निष्कर्ष: वृत्तपत्र टाकणारा. त्याला उद्या जाब विचारतो.

रविवार, २९ जानेवारी

वृत्तपत्र टाकणाऱ्याने पायातले बूट दाखवले. म्हणाला, आजोबा, माझ्याकडे बूट असताना मी तुमच्या चपला कशाला घालू. त्याचे वाक्य निर्दोष होते. चौकशी तूर्त स्थगित.

बुधवार, १ फेब्रुवारी

मुलाचा फोन. तो परगावी पुलाच्या बांधकामावर असतो, महिन्यातून एकदा येतो. आईचा आवाज कसा झालाय बाबा, असे म्हणाला. फोनमध्ये आवाज बदलतो, हे त्याला अभियंता असून सांगावे लागते.

शनिवार, ४ फेब्रुवारी

पाचवा उपक्रम: काल आणि आज. जुने छायाचित्र आणि आजची स्थिती यांतील फरक.

मुंगीने आमचे सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र निवडले. मला वाटले, ती माझ्या मिशीविषयी लिहील. ‘फोटोत आजी उभी आहे. आता ती कशाला तरी धरून उभी असते. फोटोत आजीच्या पायात पैंजण आहे. आता मावणार नाही. आजोबा तसेच आहेत. फोटोतपण दुसरीकडे बघतात.’

छायाचित्रकाराने तशीच सूचना दिली होती. शेऱ्यात हे स्पष्ट केले.

सून रात्री जेवताना मोठ्या आवाजात बोलली. ती एका खासगी कंपनीत नोकरी करते. आठला जाते, आठला येते. तिने हृदयाच्या स्पेशालिस्टचा नंबर मिळवला आहे: पुढचा शनिवार, साडेदहा. तिला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही. बाबा, तुम्ही न्याल ना, असे तिने दोनदा विचारले. मी जबाबदार मनुष्य आहे. चिठ्ठी याच रोजनिशीत खूण म्हणून ठेवली.

 सुनेच्या ताटात भाजी वाढताना हिच्या हातून चमचा खाली पडला. उचलण्यास वाकली नाही. मुंगीने उचलला.

सोमवार, ६ फेब्रुवारी

शनिवारी साडेदहाला मुले येतात. ही अडचण सुनेच्या लक्षात आली नव्हती. ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर खंड पडला तर मुलांच्या सवयीचे काय? स्पेशालिस्टच्या कचेरीस फोन केला. तेथील मुलगी म्हणाली की इमर्जन्सी असेल तर शनिवारीच आणा, नाहीतर पुढची मोकळी वेळ २७ तारखेला, सोमवारी साडेदहा. इमर्जन्सी नाही, असे मी सांगितले. २७ म्हणजे प्रदर्शनानंतर दोनच दिवसांनी. उत्तम जुळले.

सायंकाळी सुनेला कळले. ती म्हणाली की बाबा, कमाल आहे तुमची, पोरांच्या पंख्या-कावळ्यासाठी तुम्ही आईंचा नंबर बदललात? मी रजा टाकते, जाईल नोकरी तर जाईल. तेव्हा हीच मध्ये पडली. राहू दे गं, म्हणाली, पाच दिवस काय नि तीन आठवडे काय. त्यांचं ते प्रदर्शन एकदा होऊ दे, नाहीतर जन्मभर मला ऐकवतील.

हिची समजूत अखेर माझ्या बाजूने झाली, याचे समाधान वाटले.

शनिवार, ११ फेब्रुवारी

सहावा उपक्रम: घरातील माणसांचा दिनक्रम. कोण केव्हा उठते, काय करते, केव्हा निजते.

मुंगी: ‘आजी बसून झोपते. तीन उशा आणि एक गोधडीची गुंडाळी. आडवी झाली की तिला पाण्यात बुडाल्यासारखं होतं. ती मला म्हणाली कुणाला सांगू नको, म्हणून मी लिहिलं.’

शेरा: ‘बसणे व झोपणे या परस्परविरोधी क्रिया आहेत. एकच निवडा.’ तिने रबराने काही खोडले नाही. हट्टी आहे. आजीवर गेली आहे.

पडताळा घेण्याचा विचार आला. परंतु जानेवारीपासून ही बाहेरच्या खोलीत निजते. माझ्या घोरण्याचा त्रास होतो, असे तिने सांगितले होते.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

प्रदर्शनासाठी सर्व निरीक्षणपत्रे मी स्वहस्ते, काळ्या शाईने, निर्दोष भाषेत पुन्हा लिहून काढीत आहे. चोवीस पत्रे. मुलांचे अनावश्यक तेवढे वगळले. मुंगीची सहाही पत्रे आता सुबक झाली आहेत: ‘आमच्या घरात पंखा आहे. आमच्या जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत. आजी स्वयंपाक करते. आजी झोपते.’ वाचताना कोठेही अडखळत नाही.

मूळ पत्रे शिक्षिकेने मागितली म्हणून पाठवून दिली. तिला ती कशास हवीत, कळत नाही.

दुपारी चहा मिळाला नाही. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा उत्तर आले की करून घ्या ना एकदा. मी साखरेचा डबा शोधला. तो सापडेपर्यंत पाणी आटले.

शनिवार, १८ फेब्रुवारी

उपक्रम बंद. आज प्रदर्शनातील भाषणाचा सराव केला. विषय: ‘पाहणे आणि दिसणे’. बावीस मिनिटे. हिला ऐकवले. खुर्चीत डोळे मिटून बसली होती. ऐकतेस ना, असे विचारता म्हणाली की हो, आठवा मुद्दा चालू आहे. खरोखरच आठवा होता. सत्तेचाळीस वर्षांत तिच्याइतका चांगला श्रोता मला भेटला नाही. हे तिला सांगावयाचे राहिले. २५ नंतर सांगेन.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी. रात्री ९.००

उद्याची तयारी पूर्ण. सदऱ्याला इस्त्री मी स्वतः केली. उजव्या बाहीवर घडी पडली. ही प्रदर्शनास येईन म्हणत होती. मुंगीच्या भिंतीसमोर एकदा उभं राहायचंय, असे म्हणाली. जिना उतरणे जमेल का, असे विचारले. उतरणं जमेल हो, म्हणाली, चढण्याचं तुम्ही बघा.

मग स्वतःच म्हणाली की जाऊ दे, तुम्ही दोघं जा.

शनिवार, २५ फेब्रुवारी. सकाळी ८.१५

निघतो. हिने दाराशी येऊन मुंगीची वेणी घातली. अर्धी घालून बसली. उरलेली मुंगीने घातली. चपला सापडेनात. बूट घालून जातो.

त्याच दिवशी. सायंकाळी, रुग्णालय

क्रमाने लिहितो. क्रम चुकता कामा नये.

शाळेत नऊला पोहोचलो. भिंतीवर माझी सुबक पत्रे नव्हती. शिक्षिकेने मुलांची मूळ पत्रे लावली होती, तांबड्या शाईच्या रेघांसकट. वर मोठ्या अक्षरांत: ‘आम्ही पाहिले ते.’ मी हरकत घेतली. ती म्हणाली, सर, मुलांचंच लावायचं ठरलं होतं ना. पालकांसमोर वाद नको म्हणून भाषणास उभा राहिलो.

चौथ्या मुद्द्यावर असताना पाहिले की काही जण ऐकत नाहीत. ते मुंगीच्या रांगेसमोर उभे होते. औषधांचा दुकानदार एकेक पत्र बोट फिरवून वाचत होता. मांजर. थांबे. खड्डा. तीन उशा. तो सरळ व्यासपीठाशी आला आणि भाषण चालू असताना माझी बाही धरली. म्हणाला, काका, खाली या. मी म्हटले, प्रश्न शेवटी घेईन. तो म्हणाला की प्रश्न नाही हो, बाई घरी एकट्याच आहेत का? हो, म्हणालो. आत्ताच्या आत्ता चला, म्हणाला.

मला वाटले, तो उतावळा मनुष्य आहे. आणखी अकरा मिनिटे बोललो. मुद्दे पूर्ण केले. टाळ्या थोड्या पडल्या.

त्याच्या स्कूटरवरून घरी आलो, मुंगी मध्ये. ही जिन्यात होती. पहिल्या मजल्याच्या चौकात, जेथे स्टूल असे तेथे, भिंतीला टेकून बसली होती. शिंपीण एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने वारा घालीत होती. तोंड उघडे, ओठ निळसर. पायांत माझ्या चपला. पट्टे ताणून शेवटच्या भोकात अडकवलेले.

प्रदर्शनाला यायला निघाल्या होत्या, असे शिंपीण म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली की अर्धा तास झाला, बसायला काही नव्हतं.

 माझ्या बाहीवरची घडी हिने बोटाने सरळ करून पाहिली. सरळ झाली नाही.

रुग्णालयाच्या अर्जात ‘ओळखीची खूण’ असा रकाना होता. लेखणी घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मुंगीने खालून सांगितले की डाव्या कानामागे तीळ आहे, कारळ्याएवढा.

तरुण डॉक्टरने विचारले, दम कधीपासून लागतो? पाय कधीपासून सुजतात? किती उशा लागतात? मी म्हणालो, मी रोजनिशी ठेवतो. तीत सर्व असेल. येथेच बाकावर बसून ती चाळली. ही तीत पुष्कळ ठिकाणी आहे. चहा उशिरा, चहा सांडलेला, चहा नाही. मीठ नाही. म्हण अस्थानी.

एवढ्यात सून आली. कचेरीतून थेट शाळेत जाऊन मुंगीची सहाही पत्रे भिंतीवरून काढून घेऊन आली होती. कोपऱ्यांना अजून टाचण्या होत्या. डॉक्टरने ती दिनांकानुसार लावून वाचली. ७ जानेवारी. १४ जानेवारी. २८ जानेवारी. ११ फेब्रुवारी. म्हणाला, इतकी चांगली हिस्टरी मला कुणी आजपर्यंत दिली नाही. मग विचारले, लाल रेघा कोणी मारल्या?

मी सांगितले, मी. तपासनीस.

त्याने पत्रे घडी करून खिशात ठेवली. मला परत दिली नाहीत.

रविवार, २६ फेब्रुवारी. सकाळी ११.१०

गेली.

सोमवार, २७ फेब्रुवारी

साडेदहाला फोन वाजला. घरात माणसे होती, मीच उचलला. स्पेशालिस्टच्या कचेरीतील मुलगी. म्हणाली, आजोबा, तुमच्या पेशंटचा नंबर लागलाय, जिना चढायला वेळ लागत असेल तर पाच मिनिटं थांबते हं.

थांबू नका, असे सांगितले.

शनिवार, ४ मार्च

दारावरची घंटा साडेदहाला वाजली. चष्मेवाला आणि नाकवाला. उपक्रम संपल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पाटी-पेन्सिल घेऊन आले होते. आज काय बघायचं, असे चष्मेवाल्याने विचारले.  सुनेने त्यांना बिस्किटे देऊन घरी पाठवले. सून माझ्याशी बोलते, पण आवश्यक तेवढेच. मुलगा तेवढेही बोलत नाही. तो बाहेरच्या खोलीत आईच्या तीन उशा पुढ्यात घेऊन बसला होता.

दुपारी शिंपिणीकडे गेलो. ते स्टूल पुन्हा चौकात ठेवावे. चिटणिसास मी अर्ज लिहीन, असे म्हणालो. तिने यंत्र थांबवले. कोणासाठी, असे विचारले.

वर आलो.

शनिवार, ११ मार्च. सकाळी ७.२०

दूध आता मी आणतो. चहा करतो. साखरेचा डबा वरच्या फळीवर डावीकडे असतो.

मुंगीने आज न सांगता एक निरीक्षणपत्र आणून दिले. काय ऐकले, हा रकाना कोरा. काय पाहिले: ‘आजोबा दूध आणायला जातात. येताना आजीच्या तिन्ही थांब्यांवर थांबतात. दम लागत नाही तरी थांबतात. तिसऱ्यावर मोजत नाहीत. त्यांच्या चपला मोठ्या झाल्यात.’

मी थांबतो, हे मला ठाऊक नव्हते.

तांबडी लेखणी घेतली, टोपण काढले. ती समोर उभी राहून पाहत होती. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवून टोपण लावले. ती गेल्यावर दाराशी जाऊन चपला पायांत घालून पाहिल्या. पट्टे पहिल्या भोकात आवळले.

तरी सैल होतात.